खालचं बारीक वाच

आमच्या घरमालकांच्या हातात काहीही दिलं की ते आधी वाचायचे. बिस्किटाचा पुडा, अगरबत्तीचं खोकं, बसचं तिकीट, मिठाची पिशवी. वाचायचे म्हणजे नुसती नजर टाकायचे असं नव्हे. मोठ्यानं, पहिल्या अक्षरापासून, एखादा ठराव वाचून दाखवावा तसे वाचायचे. एका लग्नात पंगतीत बसल्यावर पाण्याची बाटली हातात घेऊन त्यांनी इतका वेळ वाचन केलं की वाढप्याला वाटलं, हे बाटली परत करणार. भात येऊन गार झाला तरी काका बाटलीवरच होते.

"काका, पाणीच आहे ते," मी म्हटलं.

"हे तू सांगतेस. बाटली काय सांगते ते बघू दे."

चाळीत त्यांना लेबलकाका म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं काका. उल्हासनगरात विठ्ठलवाडीला बस डेपोच्या मागच्या बाजूला त्यांची बैठी चाळ होती. एका टोकाच्या खोलीत ते एकटे, दुसऱ्या टोकाला आई आणि मी. माझे वडील मी लहान असतानाच गेले होते. काकांची बायकोही गेलेली. मुलगा आणि सून अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला राहायचे, वडिलांना घेऊन जायला अधूनमधून यायचे आणि हात हलवत परत जायचे.

"का जात नाही हो?" आईनं एकदा विचारलं.

"सून चांगली आहे. पण ती सगळं डब्यांत ओतून ठेवते आणि पाकिटं फेकून देते. मग माणूस काय खातोय ते त्याला कळणार कसं?"

हे ते चेष्टेनं म्हणत नसत. काकांना चेष्टा कळायची, करता मात्र यायची नाही.

या वेडाचं मूळ त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. त्यांच्या वडिलांना अक्षरओळख नव्हती. छप्पन साली धर्मांतर झालं, त्यानंतर वडिलांनी घरात दोनच नियम केले: पोरांनी शाळा चुकवायची नाही, आणि घरात आलेला छापील कागद वाचल्याशिवाय टाकायचा नाही. शेंगदाण्याची पुडी सोडली की दाणे बाजूला आणि कागद काकांपुढे. वडील समोर मांडी घालून ऐकत बसायचे. साबणाची जाहिरात असो की कुणाच्या दहाव्याची बातमी, सगळं संपलं की म्हणायचे, आता खा. "आपल्याला वाचायला मिळालं ते फुकट नाही मिळालं, पोरी," काका म्हणायचे. पुढे अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ते माल पाठवायच्या खात्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत डब्यांवर चिठ्ठ्या बरोबर लागल्यात की नाहीत हेच बघत राहिले. म्हणजे मुळात वेड होतंच, त्याला पगारही मिळाला.

आणि असा माणूस राहायला कुठे, तर उल्हासनगरात! आमच्याकडे लेबल ही कापडावर शिवायची गोष्ट. जीन्स इथल्याच गल्लीत शिवायची, इथेच धुवायची आणि मागच्या खिशावर कुठल्या तरी परदेशी गावाचं नाव लावायचं. आई याच धंद्यातलं घरबसल्याचं काम करायची, धागा कटिंगचं. कारखान्यातून शिवलेल्या पँटींचा ढीग यायचा. शिवणीतून लोंबणारे धागे छोट्या कटरनं कापायचे, घड्या घालायच्या आणि लॉट परत द्यायचा. काका दारात येऊन एखादी पँट उचलायचे आणि खिशावरचं नाव वाचून विचारायचे, "हे गाव कुठे आलं?"

"इथंच, कँप पाचच्या पुढे," आई म्हणायची.

आई बारवी धरणाच्या वरच्या अंगाच्या पाड्यातली. शाळेत गेली होती, पण भाताची लावणी आली की शाळा सुटायची, ती एकदा कायमचीच सुटली. मराठी पाटी ती बोट ठेवून लावायची. इंग्रजी म्हणजे तिच्या लेखी खिशावरची नक्षी. त्यामुळे औषध, वीजबिल, काही आलं की आई सरळ काकांच्या दारात. मी कॉलेजात होते, मला विचारता आलं असतं, पण माझ्यावर तिचा भरवसा नव्हता. "तू घाईनं वाचतंस," ती म्हणायची. काका मात्र मोठ्यानं, ठासून वाचायचे. एवढ्या मोठ्यानं वाचलेलं चूक असेल, असं कुणाला वाटणार?

मग तो सांधे धरणारा ताप आला. चिकुनगुनिया. ज्यांनी ती साथ बघितली त्यांना सांगायला नको. दोन दिवस ताप, आणि मग महिनोन्‌महिने माणूस वाकलेला. आमच्या चाळीत धडधाकट माणसं भिंतीला धरून नळावर जायची. दुधाची पिशवी दातानं फोडायची, कारण बोटं मिटत नव्हती. या आजाराला वेगळं औषध नाही, दुखणं आणि ताप उतरवायचा आणि वाट बघायची, असं सगळेच डॉक्टर सांगत. मग काय, घराघरात गोळ्या. हळदी-कुंकवाचं वाण द्यावं तशा बायका एकमेकींना गोळ्या द्यायच्या. "ही घ्या, आमच्या ह्यांना लगेच उतार पडला."

आईची बोटं सुजली आणि कटर हातात धरता येईना. नेमका सणाचा माल अंगावर होता. लॉट वेळेत गेला नाही की पुढचा दुसऱ्या बाईकडे जायचा, आणि एकदा गेलेलं काम परत यायचं नाही. आईनं शोध लावला की गोळी घेतली की तेवढ्यापुरती बोटं वळतात. मग ती गोळी दुखण्यासाठी न घेता कामासाठी घेऊ लागली.

गोळ्या तीन ठिकाणच्या होत्या. नाक्यावरच्या दवाखान्यातून कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या, नावगाव नसलेल्या. मेडिकलमधून आणलेला, कात्रीनं कापलेला स्ट्रिपचा तुकडा. आणि सर्दी-अंगदुखीसाठी शेजारणीनं दिलेलं आणखी एक पाकीट. आई बिचारी नियमाची. तिन्ही पदरात घेऊन ती काकांकडे गेली.

काकांना पुडी बघूनच राग आला. बिननावाची वस्तू! तडक दवाखान्यात गेले आणि कंपाउंडरपुढे पुडी ठेवली.

"ही कशाची?"

"तापाची आहे, काका."

"ताप हे तिचं काम झालं. मी नाव विचारतोय."

रांगेतले लोक हसले. कंपाउंडरनं वैतागून मोठ्या बरणीवरचं नाव सांगितलं. ते तोंडात घोळवत काका मेडिकलवर गेले. तिथला सिंधी दुकानदार त्यांना चांगला ओळखून होता.

"आओ काका. आज क्या पढना है?"

"तुम्ही कापता कसं हो? नाव अर्धं इकडे, अर्धं तिकडे! उरलेली स्ट्रिप काढा."

"अरे साईं, वो तो कब की बिक गई!"

"मग दुसरी काढा तसलीच. मला पूर्ण नाव पाहिजे."

त्यानं ड्रॉवर उपसून तसलीच स्ट्रिप काढली, काकांनी तुकडा तिला लावून पाहिला आणि नाव जुळलं. घरी येऊन त्यांनी एका पुठ्ठ्यावर तिन्ही गोळ्या चिकटवल्या, प्रत्येकीखाली स्केचपेननं ठळक नाव लिहिलं आणि आईच्या दारात उभं राहून निकाल दिला, "तीन नावं, तीन औषधं. डॉक्टरची तापाला, मेडिकलची दुखण्याला, ही सर्दीला. घ्या बिनधास्त."

आईनं बिनधास्त घेतल्या. सकाळी बसायच्या आधी एक, दुपारी दुसरी, बोटं आखडली की तिसरी, आणि उपाशीपोटी, कारण तापानं तोंडाला चव नव्हती. काकांनी वाचलं होतं ना! शंका घ्यायला जागाच नव्हती. लॉट वेळेवर गेला.

मग आईला मळमळायला लागलं. आधी वाटलं पित्त, नंतर वाटलं अशक्तपणा. ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि उजव्या बरगडीखाली हात दाबून धरायची. घरात पुढच्या पँटींचा ढीग तसाच. मी दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायची, "लॉट देऊन जाव." एका सकाळी पाणीही पोटात ठरेना आणि डोळे पिवळट दिसायला लागले, तेव्हा मी काकांना हाक मारली. काकांनी वाद घातला नाही. रिक्षा बोलावली, पुठ्ठा काखेत मारला आणि आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आईचं पोट तपासलं आणि विचारलं, "काय काय गोळ्या घेताय?" हा प्रश्न ती दिवसभर विचारत असणार आणि दिवसभर एकच उत्तर ऐकत असणार, पांढरी गोळी. काका पुढे झाले. आयुष्यभर ते या प्रश्नाची वाट बघत होते की काय, असं मला वाटलं. त्यांनी पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि ताठ उभे राहिले.

ती खूश झाली. "अरे वा! असं कुणी आणत नाही." मग ती वाकली. काकांनी ठळक लिहिलेली नावं तिनं वाचली, मग त्यांच्या वर चिकटवलेल्या स्ट्रिपवरची बारीक ओळ वाचली, दुसरीवरची वाचली, पुडीतल्या गोळीचं नाव पुन्हा विचारून घेतलं. तिचा चेहरा बदलला.

"काका, या तिन्ही एकच आहेत."

"नावं वेगळी आहेत," काका म्हणाले.

"ती कंपनीची नावं. औषधाचं नाव खाली बारीक अक्षरांत असतं. इथे पॅरासिटामॉल. या सर्दीच्या गोळीत सर्दीचं औषध आहे, पण त्याबरोबर पॅरासिटामॉलही आहे. आणि पुडीतलीही तीच आहे. यांनी तिन्ही मिळून किती घेतल्या?"

मी जमेल तसं सांगितलं. आईनं मान हलवली. डॉक्टरीण लगेच उठली, रक्त तपासायला पाठवलं, आणि खाट मिळायच्या आतच आईला सलाईनमधून औषध सुरू झालं.

काकांनी पुठ्ठा उचलून डोळ्यांजवळ नेला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुठ्ठा लांब धरला, जवळ धरला. मग तो माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

आईच्या लिव्हरला सूज आली होती. ते दिवस मी कसे काढले ते आता नीट आठवतही नाही. आठवते ती भीती. आई गेली तर मी या जगात कुणाची, हा एकच विचार डोक्यात असायचा. काका रोज यायचे. मुगाचं पाणी आणायचे, ते माझ्या हाती द्यायचे आणि पायरीवर बसायचे. वॉर्डात पाऊल टाकायचे नाहीत. समोरच्या भिंतीवर सरकारी सूचनांच्या पाट्याच पाट्या होत्या. काकांनी त्यातली एकही वाचली नाही.

डॉक्टरीण जाता-येता त्यांना बघायची. एकदा तीच त्यांच्याशेजारी थांबली.

"म्हणजे ही गोळी वाईट?" काकांनी विचारलं.

"नाही हो, काका. चांगली गोळी आहे. मापात घेतली तर तापाला-दुखण्याला हिच्याइतकी साधी गोळी नाही. एक घेतली की पुढच्या गोळीआधी चारसहा तास जाऊ द्यायचे, आणि दिवसाचं जे माप डॉक्टर सांगेल त्याच्या वर जायचं नाही. किडकिडीत माणूस, जेवण नीट जात नसेल, दारू पीत असेल, तर आणखी जपून. घोटाळा कुठे होतो माहीत आहे? ती दहा नावांनी येते. माणसाला वाटतं, मी दहा औषधं घेतोय."

"मग माणसानं करायचं काय?"

"खालचं बारीक वाचायचं. एवढंच."

आई वाचली. डॉक्टरीण म्हणाली, काय घेतलंय ते लगेच कळलं म्हणून औषध वेळेवर सुरू करता आलं. हे मी काकांना मुद्दाम जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण ते त्यांच्या कामाचं नव्हतं.

घरी आल्यावर ते आईच्या दारात आले, उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. "ताई, माझी चूक झाली. मला बारीक दिसत नाही. दोन वर्षं झाली. मोठं वाचतो आणि बारीक अंदाजानं म्हणतो. मिठाच्या पिशवीवर काय असतं ते पाठ आहे, म्हणून कुणाला कळत नाही. औषधावरचं पाठ नव्हतं."

खरं सांगायचं तर मला त्यांचा भयंकर राग आला होता. दिसत नाही हे लपवायला यांना माझीच आई सापडली का?

आई पडल्या पडल्याच म्हणाली, "काका, तुम्ही वाचलंत तरी. बाकीच्यांनी तर नुसत्या दिल्यान. आता असं करा, मला शिकवा. तेवढं एक नाव."

"इंग्रजी आहे ते."

"तर काय झालं? खिशावरची एवढी नावं हातातून गेली माझ्या."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दाराच्या फळीवर खडूनं, वीतभर अक्षरांत, ते लांबलचक इंग्रजी नाव उमटलं. आई ते अक्षरं म्हणून शिकलीच नाही. पहिलं अक्षर पी, ते काठीला अडकवलेली पिशवी. ए म्हणजे दोरीवर टाकलेली पँट. टी म्हणजे खुंटी. एम म्हणजे मागच्या खिशावरची दुहेरी शिवण, आणि ओ म्हणजे बटण. आर, सी, ई तेवढी नुसती पाठ. शेवटचा एल तिला कुठे बसवता येईना, मग तो पाय पसरून बसलेला काका झाला. पँट तीनदा येते, हे कळल्यावर तिला फार आनंद झाला.

काका तेवढ्यावर थांबले असते तर ते काका कसले? त्यांनी आख्ख्या चाळीला धरलं. कुणी गोळी म्हटलं की हे हजर. "खालचं बारीक वाच! दिसत नाही? मग ज्याला दिसतं त्याच्याकडून वाचून घे. लाजू नको, मी लाजलो." पोराला ताप आला आणि त्याची आई औषध चमच्यानं द्यायला लागली की चमचा काढून घ्यायचे, बाटलीच्या टोपणावरचं माप दाखवायचे, आणि मोठ्यांची गोळी मोडून पोराला देणारीला तर चाळ सोडायला लावायची धमकी द्यायचे. संध्याकाळी घेऊन आलेला एखादा गडी डोकं दुखतं म्हणून गोळी मागायचा, त्याला म्हणायचे, "दारू आणि ही गोळी एका घरात नांदत नाहीत. झोप." मेडिकलवाल्याशी तर तहच झाला. त्यानं नावाच्या बाजूनं कात्री लावायची नाही, कापायचं तर दुसऱ्या टोकानं. "साईं, पूरे उल्हासनगर में ऐसा कोई नहीं करता," तो म्हणायचा. पण करायचा. लोक कंटाळले, हसले, त्यांच्या नकला करू लागले. नक्कल करताना वाक्य मात्र बरोबर म्हणायचे.

मला नोकरी लागल्यावर आम्ही बदलापूरला शिरगावात राहायला गेलो. काकांची दृष्टी तोवर खूपच गेली होती. काचबिंदू निघाला, आणि गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. शेवटी मुलानं ऐकलं नाही, त्यांना अंबरनाथला घेऊन गेला. सगळं डब्यांत ओतणाऱ्या सुनेकडे.

एका रविवारी दुपारी आम्ही भेटायला गेलो. सुनेनं दार उघडलं, ती रडकुंडीला आली होती. "तीन दिवस अंग तापलंय. डॉक्टर येऊन गेले, गोळी लिहून दिली. पण घेतच नाहीत हो! तोंड मिटून बसतात. आता तुम्हीच सांगा."

तिच्या हातात प्लॅस्टिकची गोल डबी होती. आत सुट्या पांढऱ्या गोळ्या. बिचारीनं हौसेनं स्ट्रिपमधून काढून ठेवल्या होत्या, सासऱ्यांना सोपं पडावं म्हणून.

काका पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. डोळे उघडे, पण आमच्याकडे नव्हते. "जय भीम, काका," मी म्हटलं. त्यांनी आवाज ओळखला, हात वर केला. हात गरम होता.

"काका, गोळी का नाही घेत?"

"कोणती ते सांगत नाही कुणी. तापाची म्हणतात. ताप हे तिचं काम झालं."

सून म्हणाली, "मी नाव सांगितलं होतं."

"मोठं सांगितलंस."

आई सुनेकडून डॉक्टरची चिठ्ठी घेऊन, चप्पल घालून खाली उतरली, मंदिराच्या वाटेवरच्या मेडिकलमधून अख्खी स्ट्रिप घेऊन आली आणि काकांच्या पलंगावर टेकली. चष्मा लावला, स्ट्रिप उजेडाकडे धरली.

"वरचं राहू दे, ताई," काका म्हणाले. "खालचं बारीक वाच."

आईनं बोट ठेवलं. "पी. पिशवी आहे. मग पँट, ए. आर. परत पँट. सी. ई. खुंटी आली. परत पँट. खिसा. बटण." ती थांबली. "आणि शेवटी तुम्ही बसलाय."

काकांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. शेवटच्या अक्षराला ते किंचित हसले.

"आकडा?"

"पाचशे."

"सर्दीचं काही दिलंय का मला सकाळपासून?"

आईनं सुनेकडे बघितलं. सुनेनं मान हलवली. "नाय दिलेलं," आई म्हणाली. "दुसरं कायसुद्धा नाय. डॉक्टरनं लिवलेली हीच हाय."

"मग दे."

काकांनी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायले आणि सुनेच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "ही बाई वाचते. हिच्या हातचं मी घेईन."

आईनं पदर तोंडाला लावला. मग उरलेली स्ट्रिप तिनं त्यांच्या उशाशी ठेवली, नाव वर येईल अशी.